आधी नाव, मग हात

चप्पल असो नाहीतर बूट, पायात घालण्याआधी मी ते उलटे करून जमिनीवर दोनदा आपटते. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली, राहते तिसऱ्या मजल्यावर, तरी हा कार्यक्रम चुकत नाही. "आई, इथं वर कुठून येणार साप?" असं सून दर पावसाळ्यात विचारते. तिला काय सांगणार? ज्यांनी ही सवय लावली त्यांच्या घरात मी पाच वर्षं भाड्यानं राहिले, आणि त्या पाच वर्षांत मला निर्धास्त झोप लागली ती फक्त दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेल्यावर.

मी मुळातच भित्री. कडी लावली का हे तीनदा बघणारी, दहाच्या गाडीसाठी नऊ वाजता स्टँडवर जाऊन उभी राहणारी. सत्तरचं दशक संपता संपता मला नाशिकच्या एका शाळेत नोकरी लागली आणि अशा या बाईला खोली मिळाली ती नेमकी साप पाळणाऱ्या माणसाच्या माडीवर. घर पंचवटीच्या पलीकडे, मखमलाबादच्या रस्त्याला. तेव्हा तिथं दोन्ही बाजूंना मळे होते, मेथी-कोथिंबिरीचे आणि शेवंतीचे. खाली घरमालक काका-काकू राहायचे, वर माझ्या दोन खोल्या. मधल्या जिन्याखाली चहाची रिकामी खोकी एकावर एक रचलेली होती आणि त्यांना पुढून जाळी ठोकलेली होती. खोली बघायला आले तेव्हा मला वाटलं, कोंबड्या असतील.

सामान लावून झालं तेव्हा काका वर आले आणि त्यांनी मला घराचे नियम सांगितले. पायात काही घालण्याआधी ते झटकायचं. जिन्यावरून धावायचं नाही. पाल दिसली तर मारायची नाही, त्यांना हाक मारायची, कारण खाली एकाला पालीशिवाय दुसरं काही चालत नाही. आणि शेवटचा नियम असा, की 'साप साप' म्हणून ओरडायचं नाही.

"नुसतं साप काय म्हणायचं? त्याला नाव नाय का? धामण म्हणा, तस्कर म्हणा, नाग म्हणा. तुमाला कुनी नुसतं बाई म्हणून हाक मारली तर चालंल का?"

मला अख्खी शाळा नुसतं बाईच म्हणायची. पुढं कितीतरी दिवस काकासुद्धा बाईच म्हणत राहिले. पण हे त्यांना सुनवायचं धाडस काही त्या दिवशी झालं नाही, कारण त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून काहीतरी बाहेर डोकावत होतं. ते टॉर्चचं टोक निघालं.

काका मूळचे सिन्नरकडचे. वीज खात्यात घरोघरी जाऊन मीटर वाचायचं काम करायचे. अंगात खाकी पँट, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून एक पाय मोज्यात खोचलेला. सापांचा नाद लागला तो या नोकरीतच. मळ्यातल्या पंपाच्या खोलीत मीटरची पेटी असायची, आत ऊब असायची आणि उंदीरही असायचे. तरुणपणी एकदा त्यांनी पेटी उघडली तर आकड्यांच्या पुढ्यात धामण वेटोळं घालून बसलेली. मळेवाला काठी आणायला पळाला. तो येईपर्यंत काकांनी ती पिशवीत घातली आणि सायकलला लावून ओढ्यापलीकडे सोडून आले. त्यानंतर गावभर बोभाटा झाला, की मीटरवाल्याला साप धरता येतो. खरं तर तेव्हा त्यांना धरता येत नव्हता. "लोकं बोलवायला लागली म्हणून शिकलो," असं ते सांगायचे.

शिकताना त्यांनी स्वतःसाठी एक वाक्य बनवलं होतं, 'आधी नाव, मग हात.' समोर कोण आहे हे ठरल्याशिवाय हात पुढं करायचा नाही, मग भले तास लागो. साप धरताना घरातली माणसं आरडाओरडा करत असली तरी काका उकिडवे बसून नुसते बघत राहायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, "थांबा, वळख हू द्या." या वाक्याच्या जोरावर पंचवीस-तीस वर्षांत त्यांना एकदाही साप चावला नव्हता. दोन्ही हात ते कौतुकानं पुढं करून दाखवायचे. एकही डाग नसलेले ते हात म्हणजे त्यांची सगळी मिळकत होती.

काकूंनी आपल्या परीनं हे सगळं संसारात बसवून घेतलं होतं. पिशव्या त्याच शिवायच्या, जुन्या उशांच्या अभ्र्यांच्या. शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे आतल्या जिवाच्या तोंडात दोरे अडकत नाहीत. "माझ्या घरात माणसांना उशीला अभ्रा नाही, पण यांचे पाहुणे बघा कसे झोपतात," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर होती, वैशाखात खीर व्हायची, नागोबाची पूजा वगैरे काही नव्हती. तरी नागपंचमीला दारात बायकांची रांग लागायची, हातात दुधाच्या वाट्या घेऊन. काका दारात उभे राहून प्रत्येकीला सांगायचे, "सापाला दूध पचत नाय. मला पचतं. द्या इकडं." संध्याकाळी काकू त्या दुधाची बासुंदी करायच्या आणि मला वाटीभर वर पाठवायच्या. मी ती खायची, पण आधी वाटी निरखून बघायची.

एकदा मी त्र्यंबकला मामांकडे निघाले होते. गाडीत चढले तर पुढच्या बाकावर काका, मांडीवर पिशवी. काका धरलेले साप त्र्यंबकच्या डोंगराकडे नेऊन सोडतात हे मला माहीत होतं, म्हणून मी मुकाट्यानं मागं गेले. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, पिशवी वर ठेवा की. काय हाय त्यात?"

"घोणस हाय. वर ठेवू का मांडीवर राहू द्या?"

"सकाळी सकाळी चेष्टा नका करू राव," असं म्हणून कंडक्टरनं पिशवीला हात लावला, आणि आतून कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसा आवाज आला. पुढच्या मिनिटाला पहिल्या सहा बाकांवर काका एकटे होते. तळेगावच्या फाट्यापर्यंत सगळे एकमेकांच्या अंगावर उभे. कुणीतरी मला विचारलं, "तुमच्याकडचे आहेत का हे?" मी "नाही" म्हणाले. ते 'नाही' मला अजून आठवतं. काकांनी ऐकलं असणार, कारण त्यांचे कान फार तिखट होते.

माझं अक्षर बरं म्हणून त्यांनी मला सापांची वही लिहायला बसवलं. रविवारी सकाळी ओट्यावर मी बसायची, ते सांगायचे आणि मी लिहायची. कुठं सापडला, कशाच्या आडोशाला, किती लांब, काय खाल्लं, कुठं सोडला. दौत ते आठवणीनं माझ्या डाव्या हाताशी ठेवायचे, कारण मी डावखुरी. वही लिहिता लिहिता मलाही थोडं कळायला लागलं. मण्यार आणि कवड्या ही जोडी तर पाठच झाली. दोन्ही काळपट, दोन्हींच्या अंगावर पांढरे पट्टे. पण कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, मण्यारीचे मानेपासून बरेच मागं. कवड्या चावला तर पाणी लावून कामाला लागावं. मण्यार चावली तर मुंगी चावल्याइतकंही कळत नाही, आणि झोपलेला माणूस सकाळी उठत नाही. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या खवल्यांची एक रांग असते. अंगठा फिरवला की समजते, असं काका सांगायचे.

हे अंगठ्याचं त्यांनी का सांगितलं, ते मला दुसऱ्या वर्षी कळलं.

रविवारचीच सकाळ होती. ओट्यासमोर कुंपणावर कुणीतरी सायकलची जुनी ट्यूब टाकली होती. काका अंघोळ करून आले, थबकले आणि हळूच म्हणाले, "बाई, हलू नका. धामण हाय, मोठी."

मी ट्यूबकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ते टक लावून बघत होते, उकिडवे बसून, नेहमीसारखे. आणि त्यांच्या बुबुळांवर सकाळच्या उन्हात मला सायीसारखा पांढुरका पडदा स्वच्छ दिसला. गेले कित्येक महिने जे डोळ्यांसमोर होतं ते सगळं एकदम जुळलं. साप समोर आला की ते काठीनं त्याला अलगद दाबायचे, पाठीवरून अंगठा फिरवायचे आणि मगच नाव सांगायचे. पत्रं मला वाचायला लावायचे. मीटर वाचायचं सोडून कचेरीत त्यांनी दाराशी बसायचं काम मागून घेतलं होतं.

"काका, ती ट्यूब आहे."

काका उठले आणि कुंपणापाशी जाऊन त्यांनी ट्यूबला हात लावून बघितला. मग ओट्यावर येऊन बसले. डावा डोळा बारा आणे गेलाय, उजवा आठ आणे, असं त्यांनी सांगितलं. मोतीबिंदू पिकल्याशिवाय डॉक्टर काढत नाहीत. आणि काढेपर्यंत हे लोकांना कळलं तर कोण बोलावणार? काकूला कळलं तर ती त्याच दिवशी खोकी रिकामी करायला लावणार.

"पण मग तुम्ही आधी हात लावता, मग नाव सांगता," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. "उलटं झालंय खरं. पर अंगठा चुकत नाय अजून. बाई, कुनाला बोलायचं नाय. काकूला तर नायच नाय. शब्द द्या."

मी शब्द दिला. आणि त्या दिवसापासून माझं जे होतं नव्हतं ते स्वास्थ्यही गेलं. शाळेत फळ्यावर लिहिताना मनात यायचं, आत्ता कुणी बोलावलं असेल का? घरी येताना कोपऱ्यावरूनच बघायची, त्यांची सायकल दारात आहे का. काकूंच्या नजरेला नजर द्यायला मी कचरायला लागले. त्या खाली बसून पिशव्या शिवायच्या आणि मी जिन्यात उभी राहून काहीबाही बोलून निघून जायची.

असं चाललं असताना ते पत्र आलं. नाशिकमध्ये सर्पप्रेमींची परिषद भरणार होती, एका कॉलेजच्या सभागृहात. पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे साप पाळणारे, डॉक्टर, प्राध्यापक येणार होते. काकांनी मण्यार आणि कवड्या यांच्यातला फरक जिवंत दाखवून समजावावा, अशी विनंती होती. पत्र मी चार वेळा वाचून दाखवलं. पाचव्यांदा काकूंनी वाचायला लावलं.

"मेळावा हू द्या," काका मला जिन्यात गाठून म्हणाले. "दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जातो. आईशप्पथ."

परिषदेच्या दिवशी काकूंनी अंजिरी रंगाची ठेवणीतली साडी नेसली होती. काकांनी पांढरा सदरा घातला होता आणि त्यावर संयोजकांनी दिलेली रेशमी फीत लावली होती. तसा मेळावा मी पुन्हा कधी बघितला नाही. एरवी सभेला गेलेली माणसं खुर्ची पुसून बसतात, तिथं सगळे खुर्चीखाली वाकून बघून बसत होते. मागच्या खोलीत भिंतीला खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीला कापडी पिशवी, शाळेत पोरांचे डबे टांगतात तशी. मधूनच एखादी पिशवी हलायची. चहाच्या वेळी मंडळी एकमेकांना चाव्यांचे व्रण दाखवत होती. हे फुरसं, हा नाग, ही घोणस, महिनाभर इस्पितळात होतो. मुंबईच्या एका दणकट गृहस्थांना उजव्या हाताचं एक बोट नव्हतं, त्यांना सगळ्यांत पुढची खुर्ची मिळाली होती. काकांचे स्वच्छ हात बघून ते म्हणाले, "अजून एकदाही नाही? मग तुम्ही धरता तरी का?" आजूबाजूचे हसले.

"चावून घेनं ही काय पदवी हाय का?" काका म्हणाले. पण त्यांना ते लागलं होतं, त्यांचे कान लाल झाले.

काकांच्या दोन पिशव्या सांभाळायला मी मागच्या खोलीत होते. चौकड्याच्या अभ्र्याची पिशवी मण्यारीची, साध्या पांढऱ्या अभ्र्याची कवड्याची. चौकड्याच्या पिशवीला दोन गाठी होत्या, पांढरीला एक. पांढरी पिशवी सारखी हलत होती. ती हलली की नाडी सैल होतेय असं मला वाटायचं. मी तीनदा जवळ जाऊन बघितलं. बिनविषारी आहे हे माहीत होतं, पण तो बाहेर आला तर मी किंचाळणार आणि परिषदेत काकांची शोभा होणार, हेही माहीत होतं. चौथ्यांदा मी जीव मुठीत धरून पुढं झाले आणि त्या एका गाठीवर आणखी एक गाठ मारली, चांगली घट्ट. मग जरा बरं वाटलं.

काकांचं नाव पुकारलं तेव्हा ते स्वतः येऊन दोन्ही पिशव्या घेऊन गेले. मी मागच्या दारानं सभागृहात शिरले आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसले. काकू पार मागं होत्या, पदर सावरून ताठ बसलेल्या.

सुरुवात त्यांनी छान केली. मीटरच्या पेटीतली धामण सांगितली, सभागृह हसलं. मग म्हणाले, "आता आधी कवड्या दाखवतो. बिनविषारी. ह्याला मण्यार समजून रोज मारत्यात लोकं." आणि ते टेबलावरच्या पिशव्यांकडे वळले.

त्यांनी पहिल्या पिशवीची गाठ चाचपली. मग दुसरीची. मग पुन्हा पहिलीची.

मी मूर्खासारखी समजत होते की ते पिशवी बघून ओळखतात, चौकड्याची आणि पांढरी, मी ओळखायची तशी. त्यांना चौकडा दिसतच नव्हता. ते गाठी मोजत होते. एक गाठ कवड्या, दोन गाठी मण्यार. आणि आता दोन्हीकडे दोन होत्या.

त्यांनी मान वर केली आणि समोर बघितलं. कुणाला शोधत होते, मलाच बहुतेक. पण मी सहा हातांवर बसलेली त्यांना दिसले नाही. मग त्यांनी एक पिशवी उचलली, गाठी सोडल्या आणि टेबलावर उलटी केली. ती चौकड्याची होती.

काळंभोर, चकचकीत वेटोळं टेबलावर पडलं, डोकं आत लपवून. दिवसा मण्यार अशीच गप पडून राहते. "हा कवड्या," काका म्हणाले.

पुढच्या रांगेत बोट नसलेले गृहस्थ शेजाऱ्याकडे झुकून हसले. "वा! म्हातारा आपल्याला फसवून बघतोय. बघू, कोण बोलतं आधी." शेजारीही हसला. सगळ्या जाणकारांच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं. विषयच होता ओळखण्यातली चूक. हा माणूस मुद्दाम चूक करून दाखवतोय, आता उलगडा करील, म्हणून ते सगळे कौतुकानं वाट बघत होते. ज्याला सापातलं काहीच कळत नाही अशा माणसाला भीती वाटली असती. पण ती सगळी माणसं जाणकार होती.

काकांनी सदऱ्याची बाही वर केली. काठी त्यांनी घेतली नाही. कवड्या म्हणून सांगितल्यावर काठी कशी घेणार? मी शब्दाचा विचार केला. खरं सांगते, केला. काकू मागं बसल्या आहेत, हा हॉल त्यांच्यासाठी काय आहे, हे सगळं मनात आलं. तेवढ्या वेळात त्यांचा तो स्वच्छ हात टेबलावर वीतभर अंतरावर आला होता.

"काका, मण्यार!" मी उभी राहून ओरडले. "हात लावू नका! तुम्हाला दिसत नाहीये, काका, ती मण्यार आहे!"

हात तिथंच थांबला. पुढच्या रांगेतलं हसू गेलं. काकांनी हात मागं घेतला, चाचपडत काठी शोधली आणि तिच्या टोकानं वेटोळं पिशवीत ढकललं. पिशवीचं तोंड त्यांना सापडेना, तेव्हा बोट नसलेले गृहस्थ धावत वर गेले आणि त्यांनी ते धरलं. गाठी मात्र काकांनी स्वतः मारल्या, दोन.

मग ते माइकपाशी आले. "बाई म्हणत्यात ते खरं हाय," एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

पायऱ्यांवर काकू उभ्या होत्या. मला वाटलं, त्या मला जवळ घेतील. त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"वर्ष झालं."

"वर्षभर मी पिशव्या शिवतेय," त्या म्हणाल्या. "माझा माणूस आणि ठाऊक तुला." त्यांनी पदर डोळ्याला लावला नाही, काही नाही. आम्ही तिघं रिक्षातून घरी आलो. दोन पिशव्या काकांच्या मांडीवर होत्या.

त्या आठवड्यात खोकी रिकामी झाली. पुण्याची मंडळी काही साप घेऊन गेली, बाकीचे सोडले. त्र्यंबकच्या गाडीत या वेळी काकू बरोबर होत्या. बोलावणी थांबली, मळ्यांतली माणसं पुन्हा काठ्या घ्यायला लागली. काका माझ्यावर रागावले असं म्हणता येणार नाही, समोर आले की "शाळा सुटली का?" विचारायचे. पण रविवारची वही बंद झाली. रविवारी सकाळी मी ओट्यावर जाऊन बसायची, दौत नसायची, मग उठून वर यायची. खोली सोडावी असं खूपदा मनात आलं. त्या दुसऱ्या गाठीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि ते न सांगता जाणंही जमत नव्हतं. लोकांना वाटत होतं, बाईंनी काकांचा जीव वाचवला. शाळेतल्या बायका कौतुक करायच्या आणि मी डबा तसाच घरी आणायची.

मग डोळे पिकले. एकाची शस्त्रक्रिया झाली, काही महिन्यांनी दुसऱ्याची. हिरवी पट्टी, मग काळा चष्मा, आणि शेवटी एका शनिवारी जाड भिंगांचा चष्मा आला. काकूंनी पेढे वर पाठवले, स्वतः आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर काकांची पावलं वाजली. मी दार उघडलं. त्यांच्या काखेत सापांची वही होती. भिंगांमागं डोळे एवढाले दिसत होते. ते उंबऱ्यात उभे राहिले आणि मला नीट, वरपासून खालपर्यंत बघू लागले, सापाकडे आधी हात न लावता उकिडवे बसून बघायचे तसे. मी राहायला आले तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत धुकं होतं. त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं.

"तुमी अशा दिसता व्हय," ते म्हणाले. "सारख्या काळजी करता, म्हणून मला वाटायचं पन्नाशीच्या असाल."

मी सव्वीस वर्षांची होते. हसावं की रडावं ते कळेना. आणि तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, पांढऱ्या पिशवीची दुसरी गाठ मी मारली होती."

"म्हाइती हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"घरी येऊन पिशवी सोडली तवा कळलं. गाठ उलटी पडली व्हती, डाव्या हाताची. डावखुरं मानूस माझ्या वळखीत एकच." ते खाली ट्रंकेवर बसले. "टेबलावर मातर दोन्हीकडं नुसत्या दोन-दोन लागल्या, कवड्या कशात ते कळंना."

"मग विचारायचं ना! मी समोरच होते."

"काकू मागं बसली व्हती," ते म्हणाले. "उभ्या जन्मात पहिल्यांदा तिनं मला फीत लावलेलं बघितलं. तिच्यासमोर कसं इचारू, ह्यातली कुठली कुठली म्हणून?" मग म्हणाले, "गाठ मारलीत ते चुकलं. ओरडलात ते बरं केलंत. आता काकूला जाऊन दोन्ही सांगा. ती वाट बघतीया तुमची. तिनं मला बोलून दाखवलं नाय, पर पेढ्यात दोन जास्त घातलेत."

मी रडायला लागले. त्यांनी वही उघडली. आयुष्यात पहिल्यांदा ती ते स्वतः वाचत होते. पहिल्या पानावर कोपऱ्यात, वही सुरू करताना, मी बारीक अक्षरात माझं नाव लिहून ठेवलं होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी एकेक अक्षर लावलं, मग मान वर करून पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं, खात्री करून घेतल्यासारखं.

आणि मग त्यांनी मला त्या नावानं हाक मारली. ती मारून झाल्यावर त्यांनी आपला तो एकही डाग नसलेला हात पुढं केला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.